नाकाबंदीत भावावर गुन्हा दाखल झालाय; ‘कबूल कर, दंड भर, मिटव’ म्हणतात. काय करू?

‘ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. धाकटा भाऊ २२ वर्षांचा. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. गेल्या आठवड्यात मित्राच्या हळदीहून तिघं एका गाडीवर येत होते. गाडी मित्राची, चालवत होता आमचा. रात्री पाऊण वाजता विजापूर रोडला, सैफुलच्या पुढे नाकाबंदीत अडवलं. मशीनमध्ये फुंकायला लावलं, ४१ आलं. शिपायानं गाडीची किल्ली काढून घेतली, तेव्हा मागे बसलेल्या मित्रानं त्यांचा हात धरला आणि ओढाताण झाली. भाऊ मोबाइलवर शूटिंग करत होता. तिघांना ठाण्यात नेलं. सव्वातीनला सिव्हिलमध्ये भावाचं रक्त घेतलं आणि पहाटे नोटीस देऊन सोडलं. तिघांवर सरकारी कामात अडथळा आणि शिवीगाळ, भावावर शिवाय दारू पिऊन गाडी चालवणं. मामा म्हणतात, माफीनामा लिहून दे, कोर्टात कबूल कर, दंड भर, विषय संपला. एक ओळखीचा माणूस वीस हजारात ‘आतून’ मिटवतो म्हणतोय. मित्राच्या वडिलांनी तिघांसाठी मिळून एकच वकील ठरवलाय. भाऊ आधी म्हणत होता घेतलीच नव्हती, आता रडत सांगतो की एक बिअर घेतली होती. हे वकिलाला सांगायचं का? वडिलांना बीपी आहे, त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.’
– एक बहीण, सोलापूर

ताई,

मामांचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तो ऐकू नका. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट असं चलन आलं की आपण पैसे भरतो आणि विसरतो. मामांच्या डोक्यात ते आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये कोणते गुन्हे असे जागेवर तडजोडीनं मिटवता येतात त्याची यादी आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. ते कोर्टातच जातं.

तिथं काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघत आलेय. सकाळी अकराच्या सुमाराला दहा-बारा पोरं भिंतीला टेकून उभी असतात. रात्रीचा शर्ट बदललेला असतो, चेहरा तोच असतो. पैरवीचा हवालदार, म्हणजे कोर्टात पोलिसांचं काम बघणारा, नाव पुकारतो, न्यायाधीश विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ पोरगं ‘हो साहेब’ म्हणतं, खाली जाऊन दंड भरतं आणि पावतीची घडी खिशात घालून बाहेर येतं. चहाच्या गाड्यावर मित्र विचारतात, ‘सुटलास का बे?’ तो सुटलेला नसतो. त्याला दोषी ठरवून शिक्षा झालेली असते, आणि दंड ही ती शिक्षा. पहिल्या वेळी कलम १८५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. दुकानदार असता तर मी कदाचित इतकी ओरडले नसते. पण तुमचा भाऊ खाकी घालायला निघालाय, आणि त्याच्या फॉर्मवर ‘कधी शिक्षा झाली आहे का’ हा रकाना असणार आहे.

माफीनाम्याचंही तेच. ‘माझ्याकडून चूक झाली, साहेबांशी हुज्जत घातली’ असा सहीनिशी कागद ठाण्यात देऊन ठेवायचा नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे खरं. पण असे कागद पुढे कुठून कसे निघतील आणि तोवर किती घोळ घालतील, ते सांगता येत नाही. शिवाय ज्याच्यासाठी तो लिहायचा ते होणारच नाही. सरकारी कामात अडथळ्याचं मुख्य कलम तडजोडीनं मिटणाऱ्यातलं नाही. ज्या शिपायाचा हात धरला गेला त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं, तरी केस चालूच राहते.

वीस हजारवाल्याला नमस्कार करून घरातून घालवा. तो ‘आतून’ म्हणतो ते खरं असेल तर ती लाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. आणि खोटं असेल तर पैसे त्याच्या खिशात. माझा अंदाज, खोटंच आहे. ठाण्यातल्या कुणी थेट मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

आता गुन्ह्यांकडे येऊ. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यामुळे सरकारी कामात अडथळ्याचं जे कलम लोक जुन्या कायद्यातल्या क्रमांकानं अजून ‘३५३’ म्हणतात ते आता कलम १३२ आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. ‘अजामीनपात्र’ ऐकून घाबरू नका. जामीन मिळत नाही असा त्याचा अर्थ नाही. तो हक्क म्हणून ठाण्यातच न मिळता कोर्टाकडे मागावा लागतो, इतकाच. या कलमाखाली दोषी धरायला सरकारी नोकरावर हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग झालेला असावा लागतो. मोठ्यानं बोललं, वाद घातला, नाव विचारलं, एवढ्यानं ते होत नाही. बेंगळुरूच्या एका जोडप्यानं पोलीस अधिकाऱ्यानं धमकावलं म्हणून तिथल्या ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली होती आणि त्यांच्यावर हेच जुनं ३५३ लावलं गेलं. २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला, कारण बळाचा वापरच नव्हता.

हे वाचून लगेच खूश होऊ नका. तुमच्या भावाच्या मित्रानं हात धरलाय. तिथं बळाचा वापर झाला की नाही यावर सरकारी वकील भांडू शकतो आणि त्याच्याकडे बोलायला काहीतरी आहे. तुमच्या भावानं मात्र, तुमच्या पत्रावरून, शूटिंग केलं. हात लावला नाही. तिघांचा ‘समान उद्देश’ होता असं म्हणून पोलीस कलम ३(५) जोडतात आणि एकाचं कृत्य तिघांच्या गळ्यात येतं. एफआयआरमध्ये ते कलम आहे का बघा. भावाची पुढची सगळी लढाई एका वाक्यावर आहे: ‘हात धरला तो मी नाही, आणि त्यानं धरावा असं माझ्या मनातही नव्हतं.’

म्हणून मित्राच्या वडिलांचा वकील नको. ते गृहस्थ चांगले असतील, वकीलही चांगला असेल. पण तुमच्या भावाचा बचाव जिथं सुरू होतो तिथं मित्राचा अडचणीत येतो. तिघांसाठी उभा असलेला वकील ‘याचा हात होता, त्याचा नव्हता’ असं कोणत्या तोंडानं म्हणणार? दोस्ती राहू दे, हळदी-लग्नं पुढेही होतील, वकीलपत्र मात्र वेगळं. मित्राच्या घरच्यांना वाईट वाटेल. वाटू दे. त्यांना सांगा की आमच्या पोराची भरती आहे, आम्ही वेगळा बघतो. ते खोटंही नाही.

बिअरचं वकिलाला सांगायचंच. एक होती की तीन, कुठल्या वेळी, सोबत काय खाल्लं, सगळं. वकील ते कोणाला सांगू शकत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम त्याला तशी बंदी घालतं, आणि गंमत बघा, नव्या कायद्यात त्याचाही क्रमांक १३२ च आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ पहिल्या भेटीत ‘काहीच नव्हतं मॅडम’ म्हणतात. मग रक्ताचा रिपोर्ट येतो आणि मी त्यांच्या खोट्यावर उभा केलेला बचाव माझ्याच अंगावर पडतो. कायद्यानं मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. मशीनचं ४१ हे तिच्या वरच आहे, पण फार वर नाही. अशा ठिकाणी रक्ताचा रिपोर्ट, मशीनची पावती आणि वेळा यांना वजन येतं.

वेळ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील आहे. कलम १८५ साठी वॉरंटशिवाय अटक केली तर अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्या माणसाला कोठडीतून सोडलं पाहिजे, असं मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ सांगतं. पाऊणला अडवलं, सव्वातीनला रक्त घेतलं, म्हणजे अडीच तास. यानं केस आपोआप पडत नाही. अटक कागदावर किती वाजताची दाखवलीय, की दाखवलीच नाही, यावर ते अवलंबून आहे. पण तुमच्या वकिलानं पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि आज त्याची आठवण फक्त तुमच्या भावाला आहे. त्याला वही-पेन घेऊन बसवा. कुठं थांबवलं, कोण काय बोललं, फुंकल्यावर पावती दाखवली का, त्यावर सही घेतली का, मशीनचा नंबर होता का, ठाण्यात किती वाजता पोचले, सिव्हिलला कोण घेऊन गेलं, घरी फोन करू दिला का. महिन्याभरानं हे सगळं धूसर होतं. वर ‘वकिलासाठी’ असं लिहा आणि तो कागद वकिलाशिवाय कोणाला दाखवू नका.

मोबाइलमधला व्हिडिओ पुसू नका आणि स्टेटसलाही ठेवू नका. त्यात शिवीगाळ कुणाच्या आवाजात आहे ते आधी वकिलानं ऐकू दे. मूळ फाइल मूळ मोबाइलमध्येच राहिली पाहिजे, कोर्टात देताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या कॉपीला तेवढी किंमत नसते. पोलिसांनी मोबाइल मागितला तर पंचनामा आणि जप्तीची नोंद झाल्याशिवाय हातात देऊ नका, आणि झाल्यावर अडवू नका. त्या रस्त्यावरच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे कॅमेरे असतील तर याच आठवड्यात विचारा. त्यातलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी त्यावरच नवं चढून जातं.

पहाटे दिलेली नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असणार. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं. त्यातून हा रस्ता रूढ झाला. नोटिशीत लिहिलेल्या तारखेला जायचं म्हणजे जायचं. गेला तर सहसा अटक होत नाही, आणि करायची झाली तर कारण लिहून ठेवावं लागतं. नाही गेला तर स्वतःहून अटकेचं कारण हातात दिलं. जाताना वकील बरोबर असू दे. चौकशी चालू असताना पूर्ण वेळ नाही, पण मध्ये वकिलाला भेटायचा हक्क कायद्यानं आहे. अटकपूर्व जामीन मागायचा का हे नोटीस वाचून वकील ठरवेल. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत बहुधा लागणार नाही. पुढची नोटीस व्हॉट्सॲपवर आली तर ती रीतसर बजावणी नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी ‘मला मिळालीच नाही’ असा शहाणपणा करू नका, वकिलाला पाठवा.

एफआयआरची प्रत तुमच्याकडे दिसत नाही, तुम्ही ऐकीव सांगताय. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा आदेश २०१६ पासून आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून काढता येतो. वकिलाकडे जाताना तो, नोटीस, मशीनची पावती मिळाली असेल तर ती, लायसन्सची झेरॉक्स आणि भावाचं ते टिपण घेऊन जा.

आता वकील कसा शोधायचा. भावकीतला जमिनीच्या दाव्यांचा वकील यासाठी चालत नाही. फौजदारी बाजूचं रोजचं काम करणारा हवा. एक सकाळ सुट्टी टाका आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. कोणालाही बसता येतं. कोण फाइल वाचून आलंय, कोण नुसत्या तारखा घेतंय, तासाभरात कळतं. कोर्टाच्या गेटवर ‘काय काम आहे?’ म्हणत पुढे येणाऱ्याच्या मागे जाऊ नका. पहिल्या भेटीत विचारा: आरोपपत्र येईपर्यंतची फी किती, पुढे साक्षीपुरावे चालले तर किती, तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनियर, आणि या केसमध्ये आमचं कमजोर काय आहे? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही किंवा जो ‘शंभर टक्के सोडवतो’ म्हणतो, तिथून उठा. ‘निर्दोष सुटला तर इतके द्या’ असा सौदा वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलचे नियम तसे आहेत. पैशांची पावती मागायला लाजू नका. आणखी एक, जे बाहेरच्या शहरातला सल्लागार सांगणार नाही: तुमच्या घरात तेलुगू बोलत असतील तर वडिलांशी तेलुगूत बोलू शकणारा वकील बघा. पूर्व भागात असे आहेत. मागावरून दमून आलेल्या माणसाला ‘दोषारोप निश्चिती’ मराठीत सांगितली तर तो नुसती मान हलवतो.

पैसे नसतील तर थांबू नका. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज भावाच्या नावानं करायचा. हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील म्हणजे वाईट, असं समजू नका. तिथली काही मंडळी आमच्यातल्या कित्येकांपेक्षा जास्त तयारीनं येतात.

भरतीचं. हा भाग गोड करून सांगता येणार नाही. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का हे विचारतील. तिथं ‘नाही’ लिहायचं नाही. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की माहिती लपवणं हे स्वतःच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकतं. खरं लिहिलं तर निदान गुन्ह्याचं स्वरूप बघून विचार होतो. निर्दोष सुटला तरी पोलीस खातं कसं सुटला हे बघतं. पुरावाच नव्हता म्हणून, की संशयाचा फायदा मिळाला म्हणून, यात त्यांच्या लेखी फरक आहे. म्हणून मी कबुलीच्या इतकी विरोधात आहे. आणि रक्ताचा रिपोर्ट अगदीच विरोधात आला, १८५ पुरतं कबूल करण्यावाचून इलाज उरला नाही, तर त्या वेळी वकिलाला परिवीक्षा कायद्याचं, म्हणजे १९५८ च्या प्रोबेशन ॲक्टचं विचारा. पहिल्या गुन्ह्यातल्या तरुणाला शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडायची सोय त्यात आहे. ते वकिलानं मागावं लागतं. भिंतीला टेकलेल्या पोरांसाठी कोणी मागत नाही.

१३२ चा गुन्हा भावापुरता रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाता येतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. पण ती पुढची पायरी आहे, आरोपपत्रात काय येतं ते बघून.

गाडी ठाण्यात अडकली असेल तर ती ज्याच्या नावावर आहे त्या मित्रानं सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, सोडवायचा अर्ज कोर्टात करावा. तुमचा त्यात खर्च नाही.

राहिले वडील. त्यांना या रविवारी सांगा, तुम्ही सांगा, भावाला शेजारी बसवून. पुढचं समन्स घरीच येणार आहे, आणि गणवेशातला माणूस गल्लीत पत्ता विचारत आला की बीपीचं काय होईल ते तुम्हीच ठरवा. दुसरं कारण जास्त रोकडं आहे. आरोपपत्रानंतर भाऊ कोर्टात हजर झाला की, तपासात अटक झालेली नसल्यामुळे, जामीन मिळायला सहसा अडचण येऊ नये. पण जामीनदार लागेल. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं आधार, रेशन कार्ड आणि घराची चालू वर्षाची टॅक्स पावती आत्ताच काढून ठेवा. थकबाकी असेल तर आधी ती भरा.